ही फाईल कोण वाचतं? डॉकरच्या कॉन्फिग फाइलींसोबतचे माझे पहिले बावीस दिवस

वडिलांच्या एकवीस वह्या मी गेल्या वर्षभरात स्कॅन केल्या. साधारण अठराशे पानं झाली. नुसती फोल्डरमध्ये पडलेली पानं शोधता येत नाहीत. म्हणून स्कॅन ठेवायला, प्रत्येक पानावर नोंद लिहायला आणि त्या नोंदींत शोध घ्यायला एक मुक्त स्रोत अ‍ॅप निवडलं. ते घरच्याच जुन्या लॅपटॉपवर चालवायचं होतं, म्हणजे पानं घराबाहेर जायला नकोत. अ‍ॅप बसवायची पद्धत मात्र एकच दिली होती, डॉकरची. डॉकर म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं एका बंद खोक्यात, कंटेनरमध्ये, ठेवून चालवणारं साधन. मी ग्रंथपाल आहे, प्रोग्रामिंग शिकलेले नाही. लिनक्स दोन वर्षं वापरते आहे, टर्मिनल उघडून चार-पाच कमांड देता येतात, एवढ्या शिदोरीवर सुरुवात केली.

११ जानेवारीला पहिली फाईल उघडली आणि १ फेब्रुवारीला काम माझ्यापुरतं मार्गी लागलं. पैसे लागले नाहीत, वेळ लागला: बारा संध्याकाळी आणि तीन अख्खे रविवार. वाटेत एकदा सगळ्या नोंदी गेल्या, तेही खाली सांगितलं आहे. ज्यांनी नुकतीच पहिली कंपोज फाईल (कोणत्या सेवा कशा चालवायच्या ते डॉकरला सांगणारी फाईल) उघडली आहे आणि कुठे हात लावावा कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

शनिवार, ११ जानेवारी. डॉकर बसवायला अर्धा तास लागला. मग अ‍ॅपच्या सूचनांमधली नमुना फाईल एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली. तिचं नाव ‘डॉकर-कंपोज डॉट वायएमएल’. सूचनांमधली पहिलीच कमांड चालली नाही, ‘कमांड नॉट फाउंड’ आलं. तासभर मला वाटत होतं की डॉकरच नीट बसलेलं नाही. खरी गोष्ट अशी की सूचना जुन्या होत्या. पूर्वी कंपोज हा पायथनमध्ये लिहिलेला वेगळा प्रोग्राम होता आणि ‘डॉकर’ नि ‘कंपोज’ या दोन शब्दांमध्ये डॅश असायचा. त्या पहिल्या आवृत्तीचा आधार २०२३ मध्ये थांबला. आता कंपोज डॉकरचाच भाग आहे आणि मध्ये फक्त मोकळी जागा सोडायची. फाइलीच्या पहिल्या ओळीत ‘व्हर्जन’ लिहिलेलं होतं, त्यावरही इशारा आला. ती ओळ आता कालबाह्य आहे, कंपोज तिच्याकडे दुर्लक्ष करतं. मी ती काढून टाकली. तुम्हाला जुन्या सूचनांत डॅश आणि ‘व्हर्जन’ दिसले, तर गडबडू नका, तिथून पुढचा मजकूर बहुतेक वेळा कामाचा असतो.

नमुना फाइलीत तीन सेवा होत्या: स्वतः अ‍ॅप, पोस्टग्रेसचा डेटाबेस, आणि ब्राउझरमधून येणारी विनंती आधी स्वतःकडे घेऊन अ‍ॅपकडे पाठवणारा एनजिनएक्स. मला फक्त एक ओळ वाढवायची होती, टाइम झोनची. ती लिहिली, सेव्ह केली, आणि चौदाव्या ओळीवर एक अक्षर असं आहे की ज्यानं कोणतंही टोकन सुरू होऊ शकत नाही, असा संदेश आला. चौदावी ओळ मी वीस वेळा वाचली. शब्द बरोबर, कोलन बरोबर. शेवटी कर्सर ओळीच्या सुरुवातीला ठेवून उजव्या बाणाची कळ दाबत गेले. वरच्या ओळीत पहिल्या अक्षरापर्यंत पोचायला सहा वेळा दाबावी लागत होती. माझ्या ओळीत एकदाच दाबली आणि कर्सर थेट शब्दापाशी पोचला. मी टॅब दाबून जागा सोडली होती. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण यामलमध्ये, म्हणजे कंपोज फाईल ज्या पद्धतीनं लिहितात तिच्यात, ओळ आत सरकवायला टॅब चालतच नाही, फक्त स्पेस चालते.

त्यानंतर एडिटरच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी केल्या आणि त्या आजही तशाच आहेत. टॅब दाबला की दोन स्पेस पडाव्यात, आणि मोकळ्या जागा फिकट ठिपक्यांनी दिसाव्यात. पहिली यामल फाईल उघडण्याआधी एवढं करून घ्या. यामलमध्ये कोणती गोष्ट कोणाच्या पोटात आहे हे केवळ समासावरून ठरतं, त्यामुळे समास दिसला पाहिजे. त्याच रात्री टाइम झोनची ओळ ‘एन्व्हायर्नमेंट’च्या पोटात न जाता त्याच्या शेजारी बसली होती. तेव्हा कंपोजनं ही जादा गोष्ट इथे चालत नाही असं स्पष्ट सांगितलं. दोन स्पेस वाढवल्या आणि काम झालं. इमेज, म्हणजे कंटेनर ज्यांवरून बनतात ते तयार नमुने, उतरायला पाऊण तास लागला. रात्री साडेअकराला ब्राउझरमध्ये अ‍ॅपचं पहिलं पान दिसलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिल्या वहीचं पहिलं पान चढवायला गेले आणि ४१३ क्रमांकाची चूक आली: पाठवलेली गोष्ट फार मोठी आहे. माझं एकेक स्कॅन साडेतीन-चार एमबीचं. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही. ती मर्यादा ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ या ओळीनं वाढवता येते, हे शोधल्यावर लगेच सापडलं. ओळ कुठे लिहायची ते मात्र कळेना. माझ्या फोल्डरमध्ये एनजिनएक्सची कॉन्फिग फाईलच नव्हती. ती इमेजच्या आत होती.

सोमवारी ‘डॉकर कंपोज एक्झेक’ ही कमांड सापडली. तिनं चालू कंटेनरच्या आत जाता येतं. आत गेले, फाईल सापडली, ‘नॅनो’ टाइप केलं तर नॅनो नाही. व्हीआयही नाही. कंटेनरच्या इमेज मुद्दाम सडपातळ ठेवलेल्या असतात, त्यांत एडिटर सहसा नसतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी आतच नॅनो इन्स्टॉल केला, मर्यादा २० एमबी केली, एनजिनएक्सला कॉन्फिग पुन्हा वाचायला लावली आणि बाहेर येऊन पान चढवलं. चढलं. त्या संध्याकाळी मी सोळा पानं चढवली आणि नोंदी लिहिल्या. काही पानांतली नावं मला लागत नव्हती, ती आईला विचारून लिहिली. मनातून मोठं ओझं उतरलं होतं.

गुरुवारी, १६ तारखेला, लॅपटॉपवरच्या दुसऱ्या एका प्रोग्रामला ८०८० हा पोर्ट हवा होता. म्हणून कंपोज फाइलीतली ‘८०८०:८०’ ही ओळ मी ‘८०९०:९०’ केली. दोन्ही आकडे बदलायचे असतील असं वाटलं. पान उघडेना. डावीकडचा आकडा बाहेरचा, म्हणजे लॅपटॉपवरचा दरवाजा. उजवीकडचा कंटेनरच्या आतला, आणि आत एनजिनएक्स ८० वरच कान लावून बसलेला असतो. आपण बदलायचा तो फक्त डावीकडचा. आकड्यांची ही जोडी नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. यामलच्या जुन्या १.१ आवृत्तीत ‘२२:२२’ असं काही दिसलं की ते साठाच्या पटीतला आकडा म्हणून वाचलं जायचं, म्हणजे १३४२. तसंच अवतरणाशिवाय लिहिलेला ‘नो’ हा शब्द न राहता ‘असत्य’ हे मूल्य व्हायचा. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम बदलले, पण जुन्या नियमानं वाचणारी साधनं अजून वापरात आहेत. दोन अवतरणचिन्हांनी तो प्रश्नच उरत नाही.

पोर्ट नीट केला, फाइलीप्रमाणे सेवा सुरू करणारी ‘डॉकर कंपोज अप डॅश डी’ ही कमांड दिली, पान उघडलं. नवीन स्कॅन चढवलं तर पुन्हा ४१३. कंटेनरच्या आत गेले, तर माझी २० एमबीची ओळ नव्हती. इन्स्टॉल केलेला नॅनोही नव्हता.

हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते. इमेज म्हणजे छापून झालेली प्रत, ती बदलत नाही. तिच्यावरून कंटेनर तयार होतो, तेव्हा वर एक पातळ, लिहिता येण्याजोगा थर चढतो. आत जाऊन केलेले सगळे बदल त्या थरावर राहतात. कंटेनर नुसता थांबवून परत सुरू केला तर थर टिकतो. म्हणूनच तीन दिवस सगळं ठीक चाललं होतं. पण कंपोज फाइलीत त्या सेवेबद्दल काही बदललं आणि ‘अप’ दिलं, की कंपोज जुना कंटेनर काढून टाकतं आणि इमेजवरून कोरा कंटेनर बनवतं. थर जुन्या कंटेनरसोबत जातो. पोर्टची ओळ बदलून मी स्वतःच नवा कंटेनर मागवला होता. तेव्हापासून एक नियम पाळते: कंटेनरच्या आत जायचं ते बघायला. जे टिकायला हवं ते बाहेर, आपल्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि आत जोडायचं.

बाहेर आणायला ‘डॉकर सीपी’ ही कमांड आहे. तिनं मूळ फाईल आपल्या फोल्डरमध्ये उतरते. कोरी फाईल लिहिण्यापेक्षा हेच करा, कारण मूळ फाइलीत अ‍ॅपला लागणाऱ्या बाकीच्या ओळी असतात. मग कंपोज फाइलीत ‘व्हॉल्यूम्स’खाली एक ओळ: डावीकडे आपली फाईल, कोलन, उजवीकडे कंटेनरमधला तिचा पत्ता, आणि शेवटी पुन्हा कोलन देऊन ‘आरओ’, म्हणजे आतून कोणी तिच्यात लिहू नये.

मी डावीकडच्या नावात एक अक्षर चुकवलं. डॉकरनं चूक दाखवण्याऐवजी त्या चुकलेल्या नावाचं रिकामं फोल्डर तयार केलं आणि मग तक्रार केली की तुम्ही फोल्डरला फाइलीवर बसवू पाहताय का. छोट्या पद्धतीनं लिहिलेल्या जोडणीत ते असंच वागतं: बाहेरची गोष्ट सापडली नाही की त्या नावाचं फोल्डर बनवतं. ते रूट वापरकर्त्याच्या मालकीचं असतं, त्यामुळे काढायला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागतं. संदेशात फाईल आणि फोल्डर हे शब्द एकत्र दिसले, की आधी बाहेरच्या नावाचं स्पेलिंग तपासा.

नाव सुधारलं, सगळं चालू झालं. शुक्रवारी मर्यादा २० ची ३० केली, सेव्ह केली, एनजिनएक्सला पुन्हा वाचायला लावलं. आत मात्र २०च. बाहेर ३०, आत २०, एकाच फाइलीत! यात बराच वेळ गेला. अनेक एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत नाहीत. ते नवी फाईल लिहितात आणि तिला जुनीचं नाव देतात. आपल्याला नाव सारखंच दिसतं, पण डॉकरनं जोडून ठेवलेली असते ती पहिली, जुनी फाईल. यावर सोपा उपाय म्हणजे एकटी फाईल न जोडता तिचं पूर्ण फोल्डर जोडणं. तसं केल्यावर आतल्या फोल्डरमधलं मूळचं काहीच दिसत नाही, फक्त आपलं दिसतं, म्हणून त्यात आधी काय काय होतं ते पाहून सगळं बाहेर उतरवून घ्या. माझ्या बाबतीत एकच फाईल होती.

शनिवारी एका ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला आणि एनजिनएक्सचा कंटेनर दर काही सेकंदांनी पडून पुन्हा उठत राहिला. ‘डॉकर कंपोज लॉग्ज’ आणि पुढे सेवेचं नाव दिलं की कारण दिसतं. ओळ क्रमांक पुढच्या ओळीचा होता, कारण अर्धविराम नाही हे त्याला पुढची ओळ वाचतानाच कळतं. तेव्हापासून बदल केला की आधी आत ‘एनजिनएक्स डॅश टी’ चालवते. ते फाईल तपासून सांगतं, चालू कामाला धक्का लावत नाही. तपासणी पार पडली तरच पुन्हा वाचायला सांगते.

रविवार, १९ जानेवारी. हा दिवस लिहायला जड जातो.

नमुना फाइलीतला डेटाबेसचा पासवर्ड तसाच होता, जो सूचना वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणार. तो बदलायचा ठरवलं. पासवर्ड कंपोज फाइलीत न लिहिता ‘डॉट एनव्ही’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवावा असं वाचलं होतं, तसं केलं. माझ्या नव्या पासवर्डच्या मध्ये $ हे चिन्ह होतं. लगेच इशारा आला की अमुक नावाचं चल (व्हेरिएबल) ठरवलेलं नाही, रिकामं धरत आहे. $ नंतरचा मजकूर कंपोजनं चलाचं नाव समजून गाळला होता. ‘डॉट एनव्ही’मध्ये असा पासवर्ड एकेरी अवतरणचिन्हांत ठेवला की जसाच्या तसा घेतला जातो. थेट कंपोज फाइलीत लिहायचा असेल तर $ दोनदा लिहावा लागतो.

ते जमलं, पण अ‍ॅप उघडेना. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: पासवर्डची ओळख पटली नाही. दोन्हीकडे एकच पासवर्ड, एकाच फाइलीतून आलेला. तीन तास मी कोलन, स्पेस, अवतरणं तपासत होते. शोधताना एका ठिकाणी उपाय दिसला: ‘डॉकर कंपोज डाऊन डॅश व्ही’ द्या आणि पुन्हा ‘अप’ करा. दिलं. अ‍ॅप पहिल्या झटक्यात उघडलं. लॉगिनऐवजी पहिलं खातं उघडण्याचं पान आलं, तेव्हा पोटात गोळा आला.

‘डॅश व्ही’ म्हणजे व्हॉल्यूमही, कंटेनर गेला तरी टिकणारी डॉकरची साठवणीची जागा, काढून टाका. डेटाबेस व्हॉल्यूममध्ये होता, चढवलेली पानंही दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये होती. सत्त्याऐंशी पानं आणि त्यांवरच्या नोंदी गेल्या. मूळ स्कॅन माझ्या वेगळ्या फोल्डरमध्ये सुरक्षित होते, पण नोंदींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. कमांडनं काही विचारलं नाही, दोन सेकंदांत काम संपवलं. मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नावं मी परत सांगेन, तू लिहून घे.”

बुधवारी भाच्याला फोन केला. त्याचं रोजचं काम हेच आहे. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मावशी, तू फाईल बदलतेस तेव्हा आधी एवढंच बघ, ती कोण वाचतं आणि कधी वाचतं.” मग त्यानं पासवर्डचं कारण सांगितलं. पोस्टग्रेसची इमेज तो पासवर्ड एकदाच वाचते, डेटाचं फोल्डर पहिल्यांदा तयार होताना. डेटा आधीच असेल तर त्या ओळीकडे ती बघतच नाही. मी ‘डॉट एनव्ही’ बदलल्यावर अ‍ॅप नवा पासवर्ड सांगत होतं आणि डेटाबेसकडे जुनाच नोंदलेला होता. योग्य मार्ग दोन मिनिटांचा आहे. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये ‘पीएसक्यूएल’ उघडायचं. आतून जोडताना अधिकृत इमेज पासवर्ड मागत नाही. तिथे ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ आणि वापरकर्त्याचं नाव दिलं की नवा पासवर्ड विचारला जातो. मग तोच ‘डॉट एनव्ही’मध्ये लिहून ‘अप’ करायचं. काहीही पुसावं लागत नाही.

ग्रंथालयात आम्ही दाखल नोंदवही ठेवतो: पुस्तक कधी आलं, कुठून आलं. तशीच एक वही मी त्या रात्री या फाइलींसाठी केली. चार रकाने: फाईल, वाचणारा, कधी वाचतो, बदलल्यावर काय करायचं. कंपोज फाईल कंपोज वाचतं, ‘अप’ देताना. ‘डॉट एनव्ही’ही कंपोजच वाचतं, कंपोज फाइलीतल्या रिकाम्या जागा भरायला. त्यातली गोष्ट आपोआप कंटेनरच्या आत जात नाही, ती ‘एन्व्हायर्नमेंट’खाली मागावी लागते किंवा ‘एनव्ही फाईल’ ही ओळ देऊन फाईल आत पाठवावी लागते. एनजिनएक्सची कॉन्फिग एनजिनएक्स वाचतो, सुरू होताना आणि सांगितल्यावर. पोस्टग्रेसचा पासवर्ड जन्माच्या वेळी, एकदाच. ही वही लिहिताना आणखी एक जुना घोळ सुटला. टाइम झोन बदलून मी ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ देत होते आणि वेळ बदलत नव्हती. रीस्टार्ट तोच कंटेनर जुन्याच मूल्यांसह उठवतं. कंपोज फाईल किंवा ‘डॉट एनव्ही’ बदलली असेल तर ‘अप डॅश डी’च द्यायचं, ज्या सेवेत फरक पडला तेवढीच ते नव्यानं बनवतं.

भाच्यानं दिलेली दुसरी देणगी म्हणजे ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ ही कमांड. ती काहीही चालू करत नाही. सगळी चलं भरून झाल्यावर कंपोजला तुमची फाईल कशी दिसते, तेवढं छापते. $ नं गिळलेला पासवर्ड तिथे लगेच दिसला असता. आता ‘अप’च्या आधी मी ती दर वेळी चालवते. त्यात पासवर्ड उघडे दिसतात, म्हणून तो मजकूर मदतीसाठी कोणाला पाठवण्याआधी नीट चाळून घ्या.

२५ आणि २६ जानेवारीला राहिलेलं आवरलं. ‘डिपेंड्स ऑन’ लिहिलं तरी अ‍ॅप कधी कधी डेटाबेस तयार व्हायच्या आधी उठून आपटायचं. ती ओळ नुसती असली तर कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबते, डेटाबेस तयार होईपर्यंत नाही. डेटाबेसला ‘पीजी इज रेडी’ची हेल्थचेक, म्हणजे तो तयार आहे का ही तपासणी, दिली आणि अ‍ॅपखाली ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घातली, मग थांबलं. डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडलेला होता, ती ओळ काढली. अ‍ॅप त्याच्याशी आतल्या आत सेवेच्या नावानं बोलतं. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहून मी पूर्वी एक संध्याकाळ घालवली होती, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. इमेजच्या नावापुढचं ‘लेटेस्ट’ काढून नेमका आवृत्ती क्रमांक लिहिला. पोस्टग्रेसच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, पुढची मोठी आवृत्ती मागच्या आवृत्तीचं डेटा फोल्डर तसंच उघडत नाही. पानांसाठी व्हॉल्यूमऐवजी माझ्या फोल्डरमधला ‘पानं’ हा उपफोल्डर जोडला. सगळं गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवलं, ‘डॉट एनव्ही’ वगळून.

आणि बॅकअप. डेटाबेसची प्रत काढणारी ‘पीजी डंप’ ही कमांड कंटेनरच्या आत चालवून निकाल बाहेरच्या फाइलीत घ्यायचा. कंपोजच्या ‘एक्झेक’ला ‘डॅश टी’ द्यायला विसरू नका, तो मोठा टी. नाहीतर ते समोर टर्मिनल आहे असं धरून चालतं आणि फाइलीत जाणाऱ्या मजकुरात गडबड होऊ शकते. रोज रात्री नोंदी लिहून झाल्या की मी ही कमांड देते, वीस सेकंद लागतात.

पण न वापरून पाहिलेल्या बॅकअपवर आता माझा विश्वास बसेना. म्हणून १ फेब्रुवारीला दुसऱ्या एका संगणकावर, जिथे यातलं काहीच नव्हतं, सगळं पुन्हा उभं करून पाहिलं. फोल्डर कॉपी केलं, ‘डॉट एनव्ही’ पेन ड्राइव्हवरून नेली. पहिल्या प्रयत्नात डंप चढवताना प्रत्येक टेबल आधीच आहे अशी तक्रार आली, कारण अ‍ॅपनं सुरू होताच स्वतःची कोरी टेबलं बनवली होती. या नव्या संगणकावर, जिथे गमवण्यासारखं काही नव्हतं, मी विचारपूर्वक ‘डाऊन डॅश व्ही’ दिली. मग ‘अप’ देताना फक्त डेटाबेसच्या सेवेचं नाव दिलं, तो तयार झाल्यावर डंप चढवला, आणि शेवटी बाकीच्या सेवा उठवल्या.

नोंदी आल्या, चित्रं दिसेनात. लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ होती. ‘एलएस डॅश एन’ दिलं की मालकाचं नाव न येता क्रमांक येतो. फाइलींचा मालक १००१ होता, अ‍ॅप आत १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावानं चालत होतं. कंटेनरला नावं कळत नाहीत, तो क्रमांक जुळवतो. ‘चओन’नं मालक बदलला आणि पान ताजं केलं.

पाचव्या वहीतलं तेविसावं पान मी शोधून पाहिलं. आईनं दुसऱ्यांदा सांगितलेलं नाव शोधाच्या चौकटीत टाइप केलं. एकच निकाल आला. त्यावर क्लिक केल्यावर वडिलांचं उजवीकडे कललेलं अक्षर त्या दुसऱ्या पडद्यावर उघडलं, खाली माझी नोंद. तो संगणक बंद केला आणि लॅपटॉपवर सहाव्या वहीचं पहिलं पान चढवायला घेतलं.